मेंढपाळाला सभासद करून घेताना

कुत्र्यांचा क्लब काढायला सात माणसं लागतात. संस्था नोंदणीचा कायदा १८६० सालचा आहे आणि त्यात किमान सात जणांनी विधानपत्रावर सह्या करायच्या असतात. कुत्रं एकही नसलं तरी कायद्याची हरकत नाही.

आमच्याकडे सात जण जमायला वेळ लागला नाही. सांगलीच्या विश्रामबागेत एका डॉक्टरांच्या गच्चीवर बैठक भरली. हळदीचे अडते होते, तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार होते, एक बांधकाम व्यावसायिक, एक निवृत्त प्राध्यापक. सगळ्यांच्या घरी करवानी कुत्री आणि बहुतेकांच्या गाडीच्या मागच्या काचेवर त्याच कुत्र्याचं स्टिकर. मला बोलावलं ते कागदपत्रांसाठी. मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. ट्रस्टची ऑडिटं, बदल अर्ज, जुन्या घटनांमधली भोकं बुजवणं हे माझं रोजचं काम. शिवाय घरी राणी नावाची करवानी मादी आहे, त्यामुळे अगदीच परकी नव्हते. "ताई, सचिव तुम्हीच," असं ठरलं तेव्हा माझ्या तोंडात भडंगाचा बकाणा होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

ज्यांनी हे कुत्रं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उंच, सडपातळ, लांबट तोंडाचं, छाती खोल आणि पोट पाठीला लागलेलं. वासापेक्षा नजरेवर धावणारं. कानाला, शेपटीला, पायांना लांब केसांची झालर असली की आमच्याकडे त्याला पश्मी म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद कॅरवान हाउंड या नावानं करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड या नावानं. मुलूख म्हणाल तर कवठेमहांकाळ, जत, आणि सीमेपलीकडं अथणी, जमखंडी, मुधोळ. संस्थानांच्या काळात सांगली आणि जमखंडी पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, मुधोळ घोरपड्यांचं. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही कुत्री जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली, तेव्हापासून मुधोळचं नाव जातीला चिकटलं. २००५ मध्ये टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली. त्यात रामपूर, राजापलायम आणि हिमालयन शीपडॉग यांच्या पंगतीला मुधोळ आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. लष्करानंही ही जात मेरठला नेऊन प्रशिक्षण दिलं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर या कुत्र्यांचं नाव घेतलं, आणि आमच्या भागात पिल्लांचे भाव एका रात्रीत चढले.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीतही मुधोळ हाउंड आहे, राज्य कर्नाटक. जतच्या पूर्वेकडच्या गावांत निम्मी माणसं घरात कन्नड बोलतात, तेव्हा याचं वाईट वाटून घ्यायचं खरं तर कारण नाही. पण त्या गच्चीवर सगळ्यांना वाटलं, आणि क्लब काढायला तेवढा राग पुरला.

खरं दुखणं वेगळं होतं. आमच्या भागात गावोगावी कुत्र्यांच्या शर्यती होतात. सरळ मैदान आणि काही सेकंदांचा खेळ. ग्रेहाउंड ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळतो, तेवढ्या अंतरात त्याच्यापुढे करवानीचं काही चालत नाही. करवानी लांब पल्ल्याचं कुत्रं. मग लोक करवानी मादीला ग्रे लावतात. पिल्लं मांडीला भरदार निघतात, शर्यत मारतात, आणि गावात त्यांनाही करवानीच म्हणतात. अशा दोन-तीन पिढ्या गेल्या की उन्हातान्हात दिवसभर मेंढरांमागं चालणारं, भाकरीच्या तुकड्यावर राहणारं कुत्रं मागं कुठं शिल्लक आहे ते कोणालाच सांगता येत नाही. हे थांबवायचं तर कुठल्या मादीला कुठला नर लावला याची वही हवी. क्लब म्हणजे मुळात ती वही. बाकी शो, कप, फोटो हा वरचा मसाला.

पहिला मसुदा प्राध्यापकांनी आणला. इंग्लंडमधल्या एका क्लबाच्या नियमांवरून केलेला, फार सुबक. अर्जदाराकडे केनेल क्लबाचे पेपर असलेलं कुत्रं हवं, दोन सभासदांची शिफारस हवी, प्रवेश शुल्क भरायचं, आणि कार्यकारिणीनं गुप्त मतदानानं नाव मंजूर करायचं. मी हिशेबाची बाई, मी एवढंच विचारलं, की या नियमानं जत आणि आटपाडीतले किती लोक आत येतात? गच्चीवर शांतता. पेपरवाली कुत्री सगळी सांगली-मिरजेत, आणि ज्यांच्याकडून त्यांचे आजे-पणजे आणले त्या मेंढपाळांच्या वाड्यांवर, म्हणजे तळांवर, एकाकडेही पेपर नाहीत. म्हणजे ज्यांनी जात राखली ते बाहेर आणि ज्यांनी पिल्लू विकत घेतलं ते आत.

प्राध्यापक चिडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. उलट पुढच्या बैठकीला ते कुत्र्यांच्या क्लबांचा इतिहासच घेऊन आले. इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. १८७३ साली द केनेल क्लब निघाला. एकेका जातीचे वेगळे क्लब लगेच मागोमाग आले, त्यात बुलडॉगचा १८७५ चा. बुलडॉग हे बैलावर सोडायचं कुत्रं, तो खेळ १८३५ सालीच कायद्यानं बंद झालेला. काम गेलेलं कुत्रं प्रदर्शनवाल्यांच्या हाती आलं. त्यांनी डोकं मोठं आणि नाक आखूड करत नेलं आणि आज त्याला धड श्वास घेता येत नाही. आपल्याकडे १८९६ मध्ये नॉर्दर्न इंडिया केनेल असोसिएशन निघाली, तीच पुढे केनेल क्लब ऑफ इंडिया झाली. तिचं मुख्यालय आता चेन्नईत.

या सगळ्यात मला जर्मन शेफर्डची गोष्ट कामाची वाटली. माक्स फॉन श्टेफानित्स नावाचा घोडदळातला अधिकारी १८९९ च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहचं प्रदर्शन बघायला गेला. तिथं त्यानं एक मेंढरांमागचं कुत्रं बघितलं आणि विकत घेतलं. त्याच महिन्याच्या २२ तारखेला क्लब काढला. ते कुत्रं, होरांड, नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर चढलं. क्लब काढणाऱ्यांत कारखानदार होते, खानावळवाला होता, आणि मेंढपाळ होते. कुत्रं मेंढपाळाचं, म्हणून मेंढपाळ संस्थापक. पुढे त्याच क्लबात होरांडच्याच रक्ताची इतकी आतल्या आत पैदास झाली, की मेंढपाळ घेतले म्हणजे सगळं ठीक होतं असं काही म्हणता येत नाही. पण सुरुवात कुठून करायची एवढं मला त्यातून कळलं. मी म्हटलं, सात संस्थापकांत निदान तीन वाड्यावरचे हवेत, नाहीतर सचिव दुसरा बघा.

थोडी कुरबुर झाली. "ते मीटिंगला येणारेत का?" असं कोणीतरी म्हणालं. त्या प्रश्नाचं उत्तर पुढं कायद्यातच सापडलं, ते सांगते.

माणसं शोधायची तर दिवाळीच्या आत. दिवाळी झाली की जत-आटपाडीचे वाडे मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला, वारणेकडं, कोणी थेट कोकणात उतरतात. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळतं, यांना चारा आणि वर धान्य किंवा पैसे. पाऊस लागला की परत माळावर. आम्ही आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात गेलो, कारण तिथं सगळ्या बाजूंचे धनगर भेटतात. तिथून ओळखीनं ओळख काढत जतच्या दक्षिणेला एका मामांच्या वाड्यावर पोचलो. माडग्याळ मेंढ्यांचा मोठा कळप, त्यांची ती पोपटासारखी बाकदार नाकं, आणि कळपाच्या कडेला तीन करवानी. आम्ही गाडीतून उतरलो तशी तिन्ही उठून लांब जाऊन उभी राहिली. भुंकली नाहीत की जवळही आली नाहीत.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या वहीत लिवलं म्हणून कुत्र्याचं काय वाढतंय ताई?"

मी वंशावळ, भेसळ, ग्रे, सगळं सांगितलं. त्यांना ग्रेचं नवं नव्हतं. त्यांची भीती दुसरीच होती. "उद्या फारेष्टवाला यील. म्हनंल तुमच्या नावावर शिकारी कुत्रं लिवलंय, ससा कुठाय?"

ही भीती खोटी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि ससा मारणं हा गुन्हाच आहे. गच्चीवरच्या आमच्या मसुद्यात मात्र पहिल्याच उद्देशात 'शिकारी श्वानांचे संवर्धन' असं थाटात लिहिलेलं होतं. तिथल्या तिथं तो शब्द कापला. पुढे नियमही केला, की अर्जासोबत सशाबरोबरचा फोटो आला तर अर्ज परत. यावर शहरातल्या दोघा-तिघांनीच जास्त नाराजी दाखवली, यातून काय समजायचं ते समजावं.

मामांची दुसरी शंका पिल्लांची होती. त्यांच्यात पिल्लू विकायची रीत नव्हती. पावण्यात द्यायचं, फार तर बदल्यात एखादं कोकरू यायचं. आता पुण्याचे गिऱ्हाईक फोन करतात, महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून नेतात. "तुमची वही म्हंजे त्यास्नी पत्ताच घावला की." यावर आम्ही ठरवलं ते असं, की वहीतला पत्ता कोणाला द्यायचा नाही, फोन सचिवाकडे येईल. आणि पैदाशीचे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत ते क्लबाच्या घटनेत जसेच्या तसे घालायचे. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाच्या आत मादी लावायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. मामा म्हणाले, दीड वर्साच्या आत कोन लावतंय? शहरात लावतात, असं मी सांगितलं नाही.

वंशावळीचा प्रश्न मात्र मामींनी सोडवला. त्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. मी मामांना विचारत होते, या तांबड्या मादीचा बाप कुठला? मामा आठवत होते. मामी आतूनच बोलल्या, "ती काळ्या तोंडाचीची. काळ्या तोंडाची बाळदीच्या पांढरीची. पांढरी म्या म्हायेराहून आनली, तिचा बा अथणीच्या बाजाराला आलेला, कान फाटका." मी वही काढली. त्या पाच पिढ्या मागं गेल्या, आणि प्रत्येक ठिकाणी कुत्रं कुठल्या वाड्यावरून आलं, कोणाच्या लग्नात आलं, कुठल्या दुष्काळात मेलं ते सांगत गेल्या. नाव एकाही कुत्र्याला नव्हतं, रंग आणि खूण तेवढी. मला ऑफिसात खातेउतारे तपासायची सवय, म्हणून मी त्यांच्या माहेरच्या वाड्यावर जाऊन तीच चौकशी स्वतंत्रपणे केली. त्यांच्या भावजयीनं कान फाटका आणि पांढरी दोन्ही सांगितली, वर एक भाऊही सांगितला जो मामींना माहीत नव्हता. दोन ठिकाणची नोंद जुळली. एवढं तर माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ ट्रस्टांचं जुळत नाही.

क्लबाच्या नोंदवहीचं पहिलं पान ते आहे. त्यात माहिती देणार म्हणून मामींचं नाव आहे, आणि संस्थापक सभासद म्हणून मामांचं नाही, मामींचंच आहे. मामांना विचारलं तर म्हणाले, "माजं कशाला? मला तर कायच म्हाईत न्हाई."

आता कायद्याचं. संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ कोणी फारसं वाचत नाही. वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली तर त्या माणसाला मत नाही, आणि सभासद म्हणून त्याची गणतीही नाही. आमच्या मसुद्यात वर्गणी १ एप्रिलला देय होती, कारण आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं आणि सगळेच तसं लिहितात. वाडा एप्रिलमध्ये असतो वारणेच्या पलीकडं कुठंतरी. जूनअखेर परत येईस्तोवर तीन महिने संपतात आणि मेंढपाळ आपोआप मताबाहेर जातो. कोणी काढलं नाही, कोणी भांडलं नाही, नुसत्या तारखेनं काम केलं. म्हणून देय तारीख १ जून ठेवली आणि सर्वसाधारण सभा ऑगस्टमध्ये, म्हणजे थकबाकीचे तीन महिने पुरे व्हायच्या आत. हिशेबाच्या दृष्टीनंही हे बरंच पडतं, मार्चअखेरचे हिशेब तोवर तपासून तयार असतात. शिवाय सभा श्रावणात येते, जेवणात मटण नाही, खर्च निम्म्यावर. बागायतदारांना हे शेवटचं कारण सर्वांत पटलं.

वर्गणी सर्वांना सारखीच ठेवली. मेंढपाळांना माफ करावी असं एक मत होतं, मी त्याला कडाडून विरोध केला. फुकट सभासदाला पहिल्या भांडणात "तुम्ही तर फुकटातले" असं ऐकावं लागतं. त्यापेक्षा सगळ्यांचीच कमी ठेवली आणि पावती हातात दिली. दोन सभासदांची शिफारस काढून टाकली. तिच्या जागी एवढंच, की अर्जदाराचं कुत्रं क्लबाच्या माणसानं प्रत्यक्ष बघितलेलं असावं, आणि कुत्रं नसलं तरी ज्याला जातीची माहिती आहे असा माणूस चालेल. या दुसऱ्या कलमात बसतील अशा कितीतरी म्हाताऱ्या आहेत.

धर्मादाय कार्यालयातलं काम ऐकायला वाटतं तितकं रंजक नाही. विधानपत्र, नियमावली, सभेचा ठराव, सात जणांची नावं-वय-व्यवसाय-पत्ते, प्रत्येकाचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागेचा नाहरकत दाखला आणि तिथलं वीजबिल. मामींचा अंगठा होता, त्याला साक्षीदार घेतला. संस्था नोंदणी झाली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणी वेगळी. तिथल्या बाईंनी एक प्रश्न चांगला विचारला: हा हौशी लोकांचा क्लब आहे की लोकोपयोगी संस्था? हौशी असेल तर इकडे कशाला आलात? त्यामुळे उद्देश पुन्हा लिहिले. देशी जातीचं संवर्धन, वंशनोंद, लसीकरण, पशुपालकांना मार्गदर्शन. लिहिताना लक्षात ठेवायचं, की उद्देश नंतर बदलायचे तर कलम १२ प्रमाणे तीन पंचमांश मतं लागतात, तीही महिन्याच्या अंतरानं दोन सभांमध्ये. म्हणून उद्देश रुंद ठेवावेत आणि नियमावली नेमकी. बांधकामवाल्या दादांनी विचारलं, क्लब मोडला तर शिल्लक वाटून घ्यायची ना? नाही. कलम १४, शिल्लक दुसऱ्या संस्थेला जाते. त्यांचा चेहरा उतरला, पण सही केली.

नोंदवहीचं काम मात्र मनापासून आवडलं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला आमच्या ओळखीचा एक डॉक्टर बरोबर यायचा. उंची खांद्याच्या वरच्या टोकापाशी मोजायची, कुत्रं सपाट जागी चारी पायांवर सरळ उभं पाहिजे. करवानीला परक्या हाताचा स्पर्श चालत नाही. डॉक्टरांची पट्टी बघितली की ते अंग चोरून दोन बोटं ठेंगणं होतं. घरच्या बाईनं मान धरली की मग नीट उभं राहतं, म्हणून मोजमाप दुपारीच करायचं, त्या वाड्यावर असतात तेव्हा. दातांची जुळणी, डोळ्यांचा आकार, शेपटी, चाल, मग दोन्ही बाजूंनी फोटो. शेवटी मानेमागे कातडीखाली चिप, तांदळाच्या दाण्याएवढी, १५ आकडी क्रमांकाची. "आता हरवलं तर फोनवर दिसंल का?" हे प्रत्येक वाड्यावर विचारतात. दिसत नाही. कोणी पकडून स्कॅनर लावला तरच नंबर दिसतो. एकजण म्हणाला, मग ज्यानं चोरलं त्यो कशाला लावतोय स्कॅनर? याला उत्तर नाही.

वहीचे दोन भाग केले. अ भागात ज्यांच्या तीन पिढ्या दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या सांगण्यावरून जुळल्या ती कुत्री. ब भागात रूपानं, चालीनं करवानी, पण मागचं माहीत नाही अशी. ब च्या संततीची तीन पिढ्या नोंद झाली की ती अ मध्ये. वही कायमची बंद करायची नाही, असं कलम घटनेत आहे आणि ते घालायला मला सर्वांत जास्त बोलावं लागलं.

विरोध समजण्यासारखा होता. दार उघडं ठेवलं तर ग्रेचं रक्त मागच्या दारानं येणार. येईल, थोडं येईल. पण दार लावलं तर काय होतं तेही कुत्र्यांच्या इतिहासात आहे. सख्ख्या भावंडांचा संबंध किंवा बाप-लेकीचा, त्यात पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आतल्या आत पैदाशीचं माप, २५ टक्के येतो. सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. सांगलीतली पेपरवाली कुत्री मी कागदावर मांडली तेव्हा फिरून फिरून त्याच काही नरांपाशी रेघा जात होत्या. आफ्रिकेतल्या बसेनजी कुत्र्यांचं हेच झालं. मोजक्या कुत्र्यांवर सगळी पैदास, आनुवंशिक आजार वाढले, आणि अखेर १९९० साली अमेरिकन केनेल क्लबला वही उघडून आफ्रिकेतून नवी, बिनकागदाची कुत्री आत घ्यावी लागली. आपल्या करवानीसारखंच नजरेवर पळणारं अरबस्तानातलं सलुकी, त्याला इंग्लंडमध्ये १९२३ साली मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी त्याचा क्लब निघाला. त्याची मूळ कुत्री कुठून आली? वाळवंटातल्या टोळ्यांकडून, कागदाशिवाय.

गच्चीवर हे आकडे सांगताना मला घाम फुटला होता. तेच मामांना सांगितलं तर ते हसले. "एडका दोन-तीन वर्सांनी बदलायचाच असतो की. न्हाईतर कोकरं मरतुकडी निघत्यात." कुत्र्याचा नरही ते लांबच्या वाड्यावरून मागवतात, एवढंच की कोणाला सांगत नाहीत.

क्लब नोंदला गेला, पॅन निघालं, बँकेत खातं उघडलं. आता केनेल क्लब ऑफ इंडियाशी पत्रव्यवहार चालू आहे. ब भागातल्या कुत्र्यांना पेपर हवे असतील तर मान्यताप्राप्त परीक्षकासमोर उभं करावं लागणार, म्हणजे मेंढपाळाला कोल्हापूर किंवा पुण्याच्या शोला कुत्रं न्यावं लागणार. भरल्या मांडवात, स्पीकरच्या आवाजात, परक्यानं हात लावला तर ते कुत्रं काय करील ते सांगायला नको. परीक्षकालाच माळावर आणता येईल का, याची चौकशी करतेय. पश्मीची वही वेगळी ठेवायची की एकच, हाही वाद आहे. एकाच वेतात दोन्ही तऱ्हेची पिल्लं मी स्वतः बघितली आहेत, त्यामुळे माझं मत ठरलेलं आहे, पण त्याला घाई नाही.

घाई आहे ती वेगळ्या गोष्टीची. शहरातल्या काही सभासदांनी ठराव दिलाय, की कार्यकारिणीच्या निवडणुकीत मत फक्त अ भागातलं कुत्रं असणाऱ्यांनाच असावं. कारण दिलंय शुद्धतेचं. मेंढपाळांची निम्म्याहून जास्त कुत्री अजून ब मध्ये आहेत, आणि मामींसारख्या ज्या निव्वळ माहितगार म्हणून सभासद झाल्या त्यांचं तर मत सरळ जाणार. ठराव वेळेत आलाय, नमुन्यात आलाय, सचिव म्हणून मी तो कार्यक्रमपत्रिकेवर घेतलाय. नियमावली बदलायला हजर सभासदांची दोन तृतीयांश मतं लागतात. मी यादी काढून मोजून बघितलं. सगळे वाडे परतलेले असतील तर ठराव पडतो. जतकडं पाऊस लांबला आणि काही वाडे कृष्णाकाठीच राहिले तर काट्याची लढत होईल. म्हणून सभेची नोटीस या वेळी पोस्टानं न पाठवता मी फोनवर वाचून दाखवतेय, आणि सभेची जागा विश्रामबागेतून हलवून कवठेमहांकाळला घेतली आहे.